वीस पडदे, एक काटकोन

बाबांनी माझ्या नव्या गिटारचा फिंगरबोर्ड उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटून त्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अगं, सगळ्या खाचा तिरक्या गेल्यात की."

"सगळ्या नाही, बाबा. सातवी बघा."

त्यांनी गुण्या लावला. सातवी खाच बरोबर काटकोनात होती. बाकीच्या एकोणीस नव्हत्या. पहिल्या सहा एका अंगाला कललेल्या, आठवीपासून पुढच्या दुसऱ्या अंगाला. बाबांची हयात दारं, चौकटी आणि कपाटं करण्यात गेली. काटकोन चुकला की काम चुकलं, एवढं साधं माप त्यांच्याकडे आहे. "आणि हे असंच हवंय तुला?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी गुण्या परत खिळ्याला अडकवला. "मग याचा इथे काय उपयोग?"

त्या वाक्याचा पुरता अर्थ कळायला मला पुढचे आठ महिने लागले.

खरं तर तिरक्या पडद्यांची, म्हणजे त्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या फ्रेटची, मला हौस नव्हती. मला हवी होती एक घट्ट सहावी तार, म्हणजे सगळ्यांत जाड, खर्जाची. मी गिटार वाजवते ती बहुतेक वेळा सहावी तार ई ऐवजी डी वर उतरवून, कधीकधी सी वर. तार उतरवली की तिचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, डी म्हणजे ७३.४. सूर अकरा टक्केच उतरला, पण ताण वीस टक्क्यांहून जास्त गेला. सी वर गेलं तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जातो. मग तार लोंबते. जरा जोर लावला की फ्रेटवर आपटते, आणि छेडल्याक्षणी सूर वर जाऊन मग खाली येतो. ट्यूनरचा काटा बघत बसलं तर चक्कर येते.

जाड तार लावा, असं कुणीही सांगेल. लावली होती. पण तार जाड झाली की ती तारेसारखी कमी आणि सळीसारखी जास्त वागते. तिच्या अंगच्या ताठपणामुळे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर, जागेवरून वर सरकतात आणि आवाज बद्द येतो. उरला उपाय लांबीचा. सूर आणि तार तीच ठेवून लांबी वाढवली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५० मिलिमीटरची तार ६७० केली की ताण सहा टक्के वाढला. ऐकायला किरकोळ वाटतं, अंगठ्याला वाटत नाही.

पण सगळी गिटारच लांब केली तर पहिली तार रडते. पातळ पोलादी तार त्याच सुरावर जास्त लांब ताणली की तुटायच्या जवळ जाते, आणि इथे एक मजा आहे. अमुक लांबीची तार कोणत्या सुरावर तुटेल हे तिच्या जाडीवर ठरतच नाही. जाड घेतली तर ताकद वाढते, पण त्या सुरासाठी लागणारा ताणही तितकाच वाढतो, हिशेब जिथल्या तिथे. शिवाय लांब केलेली पहिली तार माझ्या कानाला किरकिरी लागते.

म्हणजे खालच्या तारेला लांबी हवी आणि वरच्या तारेला नको. यात नवल काहीच नाही. ग्रँड पियानोचं झाकण उघडून बघा, खर्जाच्या तारा लांबलचक आणि वरच्या आखूड. हार्पचंही तेच. गिटारमध्ये मात्र सहाही तारांना एकच माप. प्रत्येक तारेला वेगळी लांबी द्यायची तर बुडाकडे तारा टेकतात ती घोडी तिरकी हवी, डोक्याकडे टेकतात तो नट तिरका हवा, आणि मधले सगळे फ्रेट पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले हवेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ऑर्फेरियन नावाचं धातूच्या तारांचं वाद्य होतं, त्यातल्या काहींवर असे तिरके पडदे दिसतात. आजच्या गिटारवर ही रचना रुळवली ती अमेरिकन कारागीर राल्फ नोव्हॅक यांनी, १९८९ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. आता तशा तयार गिटारी मिळतात. पण त्यातल्या बहुतेक इलेक्ट्रिक, सात-आठ तारांच्या. मला हवी होती सहा तारांची, पोकळ अंगाची, आणि एक गिटार मी आधी केलेली होती. एक गिटार केलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला गिटार करता येते.

पहिल्या तारेला ६४० आणि सहावीला ६७० ही मापं मी ठरवली. फरक ३० मिलिमीटर. काही इलेक्ट्रिकवाले याहून जास्त फरक ठेवतात, पण माझा हात लहान आहे. त्यानंतरचा प्रश्न मात्र मी धरलाच नव्हता: सरळ फ्रेट कुठला ठेवायचा?

पंख्यात एक काडी सरळ असते, बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना कलतात. ती काडी कुठे ठेवायची हे करणाऱ्याच्या हातात असतं, आणि तिथेच पुढचं सगळं ठरतं. बारावा फ्रेट सरळ ठेवला तर ३० मिलिमीटरची तिरपाई अर्धी नटकडे, अर्धी घोडीकडे, म्हणजे १५-१५ वाटली जाते. सातवा ठेवला तर नटकडे १० आणि घोडीकडे २०. सरळ फ्रेट नटच्या जवळ आणावा तसे पहिले फ्रेट हाताला सोपे होतात आणि घोडी वेडीवाकडी होत जाते. मी पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापल्या, त्यांवर तीन पंखे काढले, एकेक पट्टी जुन्या गिटारच्या मानेवर गुंडाळली आणि डोळे मिटून एफचा बार, म्हणजे तर्जनीने सगळ्या तारा एकदम दाबायच्या ती पकड, धरून बघितला. बारावा सरळ असलेल्या पट्टीवर तर्जनी पहिल्या फ्रेटशी भांडत होती. सातव्यावर जेमतेम कळत होतं. नववाही चालला असता. पण सात आणि दहा-वीस हे आकडे लक्षात राहायला बरे, म्हणून सातवा. निर्णय इतकाच शास्त्रीय होता.

फ्रेटच्या जागांचं गणित एकदा समजलं की कंटाळवाणं आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तिथे फ्रेट, मग पुन्हा उरलेल्या लांबीला भागायचं. पूर्वी १८ ने भागत. व्हिन्सेंझो गॅलिली, म्हणजे दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ मध्ये १८:१७ हे गुणोत्तर मांडलं होतं. त्या हिशेबाने माझ्या ६४० च्या तारेवर बारावा फ्रेट ३२० ऐवजी ३१७.७ वर येतो. पंख्यासाठी हेच गणित दोनदा करायचं, एकदा ६४० साठी आणि एकदा ६७० साठी, आणि मिळालेले बिंदू जोडायचे. पहिला फ्रेट एका बाजूला ३५.९२ वर, दुसऱ्या बाजूला ३७.६०. मधल्या चार तारांचं वेगळं गणित करावं लागत नाही. तारा नटवर आणि घोडीवर सारख्या प्रमाणात वाटल्या असतील तर जोडरेषा त्यांनाही आपोआप योग्य जागी छेदते. नटवर तारांमधल्या फटी सारख्या दिसाव्यात म्हणून आपण त्या केसभर सरकवतो, त्याने फार तर मिलिमीटरचा दहावा भाग चुकतो. तेवढं मी सोडून दिलं.

हे बिंदू फिंगरबोर्डच्या कडेवर घ्यायचे नाहीत. ते पहिल्या आणि सहाव्या तारेच्या रेषेवर घ्यायचे. तार कडेपासून तीनेक मिलिमीटर आत असते, आणि ६४० ही लांबी तारेची आहे, लाकडाची नाही. हे मला माहीत होतं, त्यामुळे इथे चुकले नाही. चुकले ते कागदावर.

सगळा पंखा संगणकावर काढला, चार कागदांवर छापला, छापताना आकार शंभर टक्केच राहील याची खात्री केली, चिकटपट्टीने जोडला, आणि पोलादी पट्टीने मोजला. मापं तंतोतंत. मग शिसवीच्या सहा मिलिमीटर जाड पट्टीवर पातळ केलेला गोंद लावून तो कागद चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच रेषांवर करवत चालवली. सात खाचा मारून झाल्यावर सहज म्हणून बाराव्याची रेष मोजली. ३२० हवी होती, ३२१.६ निघाली. कागद ओला झाल्यावर फुगतो, हे मी शाळेत असल्यापासून वह्यांवर पाणी सांडून बघत आले आहे.

तरी मी स्वतःची समजूत काढायला बसले. सगळा कागद सारखा वाढला असेल तर बिघडलं काय? ६४० च्या जागी ६४३ ची गिटार होईल, प्रमाण तेच राहील. मग एकेक फ्रेट मोजला. पहिले पाच जागच्या जागी होते. पहिल्या जोडानंतर, जिथे गोंद जास्त झाला होता, तिथून रेषा पुढे सरकत गेल्या होत्या, दुसऱ्या जोडाजवळ थबकून पुन्हा सरकल्या होत्या. एकाच तारेवर तीन मापं. ती पट्टी गेली.

दुसऱ्या पट्टीवर कागद नाही. मध्यरेषा, दोन तारांच्या रेषा, आणि प्रत्येक बिंदू नटपासून थेट मोजून सुईने टोचलेला. एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलं तर प्रत्येक वेळची केसभर चूक साठत जाते. टोचे जोडून धारदार सुरीने रेष ओढली. पेन्सिलची रेष अर्धा मिलिमीटर जाड असते आणि फ्रेटची खाचही जवळपास तेवढीच, ०.५८ मिलिमीटर. म्हणजे पेन्सिल वापरली तर आपण रेषेच्या अलीकडे कापतोय की पलीकडे, हेच कळत नाही. सुरीच्या चिरेत करवतीचा दात आपण होऊन बसतो.

साध्या फिंगरबोर्डसाठी मी पहिल्या गिटारच्या वेळी एक खोका केला होता: पट्टी आत सरकवायची, करवत काटकोनातल्या फटीतून चालवायची, पट्टी पुढे ढकलायची. वीस खाचा तासाभरात. इथे प्रत्येक खाचेचा कोन वेगळा, त्यामुळे तो खोका कामाचा नव्हता. रंधा मारून सरळ केलेला सागवानी ठोकळा प्रत्येक रेषेला लावायचा, दोन क्लॅम्पनी आवळायचा, त्याच्या अंगाला करवत टेकवून चालवायची, सोडायचं, पुढची रेष. क्लॅम्प आवळताना ठोकळा हमखास हलतो. मग परत. तीन संध्याकाळी गेल्या. सातव्या खाचेला आले तेव्हा खिळ्यावरचा गुण्या काढला, एकदाच वापरला आणि परत टांगला. पहिल्या फ्रेटची रेष पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत आठ-साडेआठ मिलिमीटरने कललेली, बारावी उलट्या अंगाला पाच, विसावी साडेदहा. हे सगळं बाबांना दाखवलं, तोच सुरुवातीचा प्रसंग.

मान करताना आणखी एक गोष्ट पुढे आली जी कुठल्याही आकृतीत मला दिसली नव्हती. गिटारचं डोकं मागे कललेलं असतं, माझं चौदा अंशांत. मान आणि डोकं जिथे दुमडतात ती घडी मानेला काटकोनात येते. नट मात्र आता तिरका. मग घडी कुठे घ्यायची? खर्जाच्या बाजूचं नटचं टोक दहा मिलिमीटर मागे असल्याने घडी त्याच्याही मागे न्यावी लागते, आणि पहिल्या तारेकडे नटच्या मागे एक सपाट त्रिकोणी ओटा उरतो. तिथे तार काही अंतर सपाटावरून जाते आणि मग खाली वळते. मी तो त्रिकोण पटाशीने उतरता केला आणि वर शिसवीची पातळ चकती बसवली. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. वाटू दे. मान वाकू नये म्हणून तिच्यात घातलेल्या सळीची चावीही नटपाशी ठेवता आली नाही. तिरक्या नटखाली तिला जागाच उरत नव्हती, म्हणून ती आवाजाच्या भोकातून फिरवायची केली.

अंगाचं काम थोडक्यात उरकते, कारण तिथे पंख्याचा संबंध कमी. बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटरवर आणून तापलेल्या नळीवर वाकवल्या, एक मोडली. तबली, म्हणजे पुढची फळी, स्प्रूसची, मध्यावर २.८ मिलिमीटर. आतल्या पट्ट्या फुलीच्या आकारात. हवेतला दमटपणा उतरेपर्यंत पट्ट्या चिकटवायच्या नाहीत हा नियम पाळला, त्यात दोन आठवडे नुसती वाट बघण्यात गेले.

आता ती चूक, जिची मला अजून लाज वाटते.

घोडीखाली, तबलीच्या आतल्या अंगाला, कठीण लाकडाची एक चपटी पट्टी असते. तारांच्या शेवटच्या गाठी, म्हणजे ते पितळी गोळे, तिच्यावर अडकतात. सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास, म्हणून नुसत्या स्प्रूसवर ते सोडता येत नाही. साध्या गिटारमध्ये ही पट्टी आडवी. माझी घोडी तिरकी, म्हणून पट्टीही तिरकी. मेपलची पट्टी कापली, आराखडा बघून कोन मोजला, सरस गरम केला, चिकटवली, वर चार क्लॅम्प. छान बसली. दोन दिवसांनी संध्याकाळी तबली दिव्यासमोर धरली. तीनेक मिलिमीटरच्या स्प्रूसमधून उजेड झिरपतो, लालसर, आणि आतल्या पट्ट्यांच्या सावल्या बाहेरून दिसतात. हे बघायला मला आवडतं, म्हणूनच धरली होती. बाहेरच्या अंगावर पेन्सिलने घोडीची जागा आखलेली. आतल्या पट्टीची सावली त्या रेषेवर पडायला हवी होती. दोन्ही एकमेकींना कात्रीसारख्या छेदत होत्या.

आराखडा पुढून बघितलेला, काम मागून केलेलं. आरशातली गिटार. साध्या गिटारमध्येही तबली आतून उलटीच दिसते, पण तिथली घोडीखालची पट्टी दोन्हीकडून सारखी, तिला कळतच नाही आपण आरशात आहोत. पहिली गिटार करताना हा धोका मला शिवलासुद्धा नव्हता.

पट्टी काढायला दोन संध्याकाळी लागल्या. वर ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्री, थोडा वेळ थांबायचं, मग तापवलेली बोथट सुरी कडेतून आत सारायची. सरसाचं हे एक बरं आहे, उष्णता आणि ओल मिळाली की तो सोडतो. जोर केला तर मेपलबरोबर स्प्रूसचे पापुद्रे येतात. दोन जागी आलेच. शेवटच्या इंचाला सुरी अडली तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, फडकं पुन्हा ओलं करून माझ्या हातात दिलं. पट्टी सुटली तेव्हा खोलीभर सरसाचा तो ओल्या चामड्यासारखा वास पसरला होता आणि माझ्या बोटाला इस्त्रीचा चटका बसलेला होता. पापुद्रे परत चिकटवले, नवी पट्टी कापली, आणि तबलीच्या दोन्ही अंगांवर ठळक अक्षरांत 'खर्ज' आणि 'वरची' असं लिहून ठेवलं. आतलं ते लिखाण अजून तिथेच आहे, भोकातून आरसा घातला तर वाचता येतं.

फ्रेट ठोकणं हे एरवी मला आवडणारं काम. फ्रेटच्या तारेला खाली पातळ पाय असतो, त्याला बारीक दाणे, ते खाचेच्या भिंतीत रुततात. फिंगरबोर्डला ४०० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली होती, त्यामुळे कडेच्या खाचा जवळपास मिलिमीटरभर उथळ झाल्या. त्या पुन्हा खोल केल्या. दाबून बसवायचा साचा माझ्याकडे होता, पण तो सरळ फ्रेटचा. गोल पट्टीवर तिरका छेद घेतला की गोलाई थोडी सपाट होते, पहिल्या फ्रेटवर ४०० ची ४२० च्या आसपास. फरक नगण्य, पण साचा तिरका धरताच निसटत होता, म्हणून हातोडी. आधी दोन्ही टोकं, मग मध्य. नीट बसलेल्या फ्रेटचा आवाज ठक् असा भरीव येतो, खाली पोकळी असेल तर टक् असा रिकामा. विसांपैकी सोळा ठक्. चार काढून पुन्हा.

टोकं कानसताना आणखी एक गंमत. सरळ फ्रेट कडेला चौकोनी भेटतो, दोन्ही कोपरे सारखे. तिरक्याचा एक कोपरा बोथट आणि एक सुईसारखा. मानेवरून हात खालीवर नेला तर तळव्याला एकच बाजू ओरखडते. चाळीस टोकांना चाळीस वेगळे कोन, त्यातली फक्त दोन सरळ. कानस धरून धरून मनगट भरून आलं.

घोडीची जागा गणिताने सांगता येते, पण मी गणितावर सोडली नाही. तार दाबली की ती किंचित ताणते आणि सूर चढतो, म्हणून प्रत्येक तार मोजलेल्या लांबीपेक्षा जराशी लांब ठेवावी लागते, जाड तार जास्त. घोडी चिकटवायच्या आधी गिटारच्या बुडाशी एक तात्पुरती पट्टी आवळून फक्त पहिली आणि सहावी तार चढवली. प्रत्येकीखाली एक सुटा पितळी तुकडा. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून काढलेला स्वरांश ट्यूनरवर जुळेपर्यंत तुकडा मागेपुढे सरकवत बसले. पहिली ६४२ वर जुळली, सहावी ६७४.५ वर. म्हणजे सॅडलची, घोडीवर तारा टेकतात त्या पट्टीची, तिरपाई आता २० नाही, साडेबावीस मिलिमीटर, तारांच्या ५५ मिलिमीटर पसाऱ्यात. बावीस अंशांचा कोन. घोडी इतकी तिरकी बसली की नवख्या माणसाला वाटावं घसरली आहे.

तारा चढवल्या त्या रात्री नवव्या फ्रेटवर तिसरी तार झणझणली. तानपुऱ्यावर हाच आवाज आणायला घोडीवर तासन् तास जवारी काढतात, आणि इथे तो घालवायला मी चार दिवस घालवले. दहावा फ्रेट एका टोकाला उंच होता, ठोकताना 'टक्' म्हणणाऱ्या चारांपैकीच एक. घासला, पुन्हा गोल केला, घासून चमकवला. नटच्या खाचाही पुन्हा करायला लागल्या. तिरक्या नटमध्ये खाच नटला काटकोनात पाडायची नसते, तारेच्या दिशेने पाडायची असते. सवयीने दोन काटकोनात गेल्या होत्या, आणि त्या तारा खाचेच्या मागच्या कोपऱ्यावर टेकून सतारीसारख्या वाजत होत्या.

वाजवायला? पहिली दहा मिनिटं नजर खाली गेली की बोटं गोंधळायची. नजर वर ठेवली तर काहीच वेगळं वाटत नव्हतं. बोटं मुळातच पंख्यासारखी पसरतात. बाराव्याच्या पुढे मात्र तिरपाई जाणवते, तिथे बार धरणं मी सोडून दिलं आहे. सहावी तार डी वर उतरवली आणि अंगठ्याने छेडली तेव्हा सूर जिथे सुरू झाला तिथेच राहिला. ट्यूनरचा काटा थरथरला नाही. सी वर थोडी ढिली पडते अजून. ६८० करायला हवी होती.

अडचण उरली आहे ती कॅपोची, म्हणजे सूर चढवायला मानेवर लावायच्या चिमट्याची. सरळ कॅपो दुसऱ्या फ्रेटवर तिरकी बसवली तर बसते, पण दोन गाण्यांत सरकते आणि पहिली तार कुरकुरायला लागते. म्हणून तिरक्या जबड्याची एक लाकडी कॅपो करायला घेतली आहे. तिच्यासाठी कोन फिंगरबोर्डवरून घ्यायचा होता. बाबांनी गुण्या नाही, त्यांची कोन मोजायची ढिल्या पात्याची जुनी पट्टी काढून दिली, तेल घालून.